एका तारखेच्या पोटात

२५ नोव्हेंबर ही तारीख ऐकून तुम्हाला काही आठवतं का? गोव्यात त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी नसते. शाळा भरतात, कचेऱ्या उघडतात, पेडण्याच्या बाजारात नेहमीसारखीच मासळी येते. आणि तरीही या एका तारखेवर तीन वेगळ्या काळांतल्या तीन घटना येऊन बसल्या आहेत. पहिली गोवा शहर जिंकलं गेल्याची. दुसरी गोव्याच्या मुक्तीसाठी जंगलातून उठलेल्या एका आवाजाची. तिसरी अटलांटिकपलीकडच्या एका बेटावरच्या तीन बहिणींची, आणि तिच्यामुळेच आज सगळं जग हा दिवस अधिकृतपणे पाळतं. या तीन घटनांचं आपसात काही नातं नाही. पण त्या शेजारी शेजारी ठेवल्या, की सरकारी दिवस नावाची गोष्ट कशी जन्माला येते ते दिसायला लागतं. त्यात बायकांचा वाटा किती, हेही.

पहिली घटना १५१० सालची. त्या वर्षी २५ नोव्हेंबरला पोर्तुगीज सेनानी आफोंसु द आल्बुकर्क यानं विजापूरच्या आदिलशाहीकडून गोवा शहर घेतलं. ख्रिस्ती पंचांगात तो दिवस सेंट कॅथरीनचा. झालं, एका बाईचं नाव गोव्याच्या इतिहासाला कायमचं चिकटलं! जुन्या गोव्यात तिचं कपेल उभं राहिलं, पुढे भव्य से कॅथेड्रलही तिलाच अर्पण झालं, आणि तिची खूण असलेलं चाक गोव्याच्या राजचिन्हात जाऊन बसलं. अलेक्झांड्रियाच्या दंतकथेतली ही संत. मांडवीचं पाणी तिनं कधी पाहिलेलं नाही, पण विजय तिच्या दिवशी झाला म्हणून शहर तिच्या नावे लागलं. तारखेची ताकद बघा.

आता गंमत अशी, की उत्तर गोव्यातल्या पेडणे आणि डिचोली या तालुक्यांना ही तारीख मुळी लागूच पडत नाही. आपण सर्रास म्हणतो, गोव्यावर पोर्तुगिजांनी ४५१ वर्षं राज्य केलं. १५१० ते १९६१, हिशोब चोख आहे. पण तो गोवा शहराच्या तिसवाडी तालुक्याचा. डिचोली पोर्तुगिजांकडे गेली १७८१-८२ च्या सुमारास, आणि पेडणे १७८८ मध्ये सावंतवाडीकर भोसल्यांशी झालेल्या तहानं. म्हणजे पेडण्याचा हिशोब ४५१ नव्हे, १७३ वर्षांचा! एकाच राज्यातले दोन तालुके, एकच मुक्तिदिन, आणि मधे पावणेतीनशे वर्षांचं अंतर.

हे अंतर नुसतं कागदावरचं नाही. दिवाडी बेटावरचं सप्तकोटेश्वराचं देऊळ पाडलं गेलं, तेव्हा देव नदी ओलांडून डिचोलीतल्या नार्वे गावी आला. नार्वेच का? कारण नदीच्या त्या काठावर पोर्तुगिजांचं राज्य नव्हतं. तिथेच १६६८ साली शिवाजी महाराजांनी देवळाचा जीर्णोद्धार केला. आज फेरीबोटीनं काही मिनिटांत पार होणारं ते पाणी म्हणजे तेव्हा दोन सत्तांमधली सीमा होती. नव्या काबिजादीतल्या, म्हणजे पोर्तुगिजांकडे उशिरा गेलेल्या, या मुलखात मराठी शाळा, कीर्तनं, नाटकं आणि वरच्या अंगाला सावंतवाडीशी सोयरिकी इतक्या घट्ट का राहिल्या, याचं अर्धं उत्तर या उशिरा आलेल्या तारखेत आहे.

दुसऱ्या २५ नोव्हेंबरकडे जायचं तर वाटेत पत्रादेवीला थांबावंच लागतं. पेडणे तालुक्याच्या उत्तर टोकाला, महाराष्ट्राच्या हद्दीवर हे ठिकाण आहे. मुंबईहून गोव्याला गाडीनं आलात तर बहुधा इथूनच आत शिरलात.

१५ ऑगस्ट १९५५. भारताच्या स्वातंत्र्याला आठ वर्षं झाली होती आणि गोव्यात अजून पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याची हुकूमत होती. त्या दिवशी देशभरातून आलेले हजारो सत्याग्रही हातात तिरंगा घेऊन, नि:शस्त्र, वेगवेगळ्या वाटांनी गोव्याच्या हद्दीत शिरले. पत्रादेवीच्या तुकडीत झेंडा घेऊन पुढे चालत होत्या सहोदराबाई राय. कुठल्या? मध्य प्रदेशातल्या सागरकडच्या! ना कोंकणी येत, ना पोर्तुगीज. कोकणातला श्रावण, चिखलाची वाट, समोर बंदुका. गोळी लागून त्या जखमी झाल्या. त्यांना वाचवायला पंजाबातल्या इसरू गावचा कर्नैलसिंग बेनिपाल हा तरुण शिक्षक छाती काढून पुढे धावला आणि तिथेच ठार झाला. त्या एका दिवसात गोव्याच्या सीमेवर वीसहून अधिक सत्याग्रही मारले गेले. पत्रादेवीला आज त्यांचं हुतात्मा स्मारक आहे. सहोदराबाई बऱ्या झाल्या, आणि दोनच वर्षांनी, १९५७ साली, लोकसभेवर निवडून गेल्या.

मला यातलं सर्वांत विलक्षण काय वाटतं सांगू? १५ ऑगस्ट हा साऱ्या देशाचा दिवस, पण पेडण्यात त्याला स्वतःचा एक दुसरा अर्थ आहे. दिल्लीत त्या दिवशी मिळालेलं स्वातंत्र्य साजरं होतं. पत्रादेवीला, न मिळालेल्या स्वातंत्र्यासाठी आलेल्या परमुलखातल्या माणसांची आठवणही होते. त्या माणसांत सर्वांत पुढे एक बाई होती, हे पेडण्याच्या प्रत्येक मुलाला ठाऊक असायला हवं.

गोळीबारानंतर भारतानं सीमा आवळली. नाकी बंद झाली, माल बंद झाला, माणसांची ये-जा तुटली. नाकेबंदी सालाझारला टोचावी म्हणून केलेली, पण तिचा एक परिणाम असा झाला, की गोव्यातल्या माणसाला बाहेरचं खरं काय चाललंय ते कळेनासं झालं. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसलेला. तिथे लग्नपत्रिका छापायची तरी आधी सरकारी परवानगी लागे! पत्रक वाटावं तर वाटणाराही पकडला जातो आणि खिशात सापडलं तर वाचणाराही.

मग अशी कुठली वस्तू आहे, जी नाक्यावर अडवता येत नाही, झडतीत सापडत नाही, आणि वाचून झाल्यावर जाळावी लागत नाही?

आवाज. २५ नोव्हेंबर १९५५ रोजी, आल्बुकर्कच्या विजयाला बरोबर ४४५ वर्षं होत असताना, गोव्याच्या मुक्तीचा गुप्त रेडिओ सुरू झाला. पोर्तुगीजमध्ये 'व्हॉझ द लिबरदाद', कोंकणीत 'गोंयचे सोडवणेचो आवाज'. ट्रकवर बसवलेला प्रक्षेपक, आणि केंद्राची जागा आंबोलीचं जंगल. नंतर तेच केंद्र कॅसलरॉककडे हललं. पेडण्याहून किंवा डिचोलीहून पूर्वेला पाहिलं की सह्याद्रीची जी निळी भिंत दिसते ना, तिच्या माथ्यावरून हा आवाज खाली येत होता. तो चालवणारी मुख्य माणसं दोन: वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो.

लिबियाबाई मुंबईत शिकलेल्या, कायद्याच्या पदवीधर. मनात आणलं असतं तर मुंबईत वकिली करून सुखानं राहिल्या असत्या. त्याऐवजी त्यांनी पावसाळ्यात आठवडे आठवडे सूर्य दिसत नाही अशा जंगलात सहा वर्षं काढली. एक-दोन नव्हे, सहा! बातम्या गोळा करायच्या, लिहायच्या, भाषांतर करायचं, वाचायचं, आणि लिस्बनच्या प्रत्येक दाव्याला उत्तर द्यायचं. आपलं कुणी ऐकतंय का, हे कळायला काही साधन नाही. ऐकणारा टाळ्या वाजवत नाही, पत्र पाठवू शकत नाही. दार लावून, आवाज बारीक करून तो ऐकतो आणि गप्प बसतो. अशा न दिसणाऱ्या माणसाशी रोज बोलत राहायचं म्हणजे केवढी श्रद्धा हवी!

१९ डिसेंबर १९६१ ला पोर्तुगीज शरण आले. तेव्हा ही बातमी कुणी सांगावी? याच दोघांना विमानात बसवण्यात आलं, आणि ध्वनिक्षेपकावरून आकाशातून त्यांनी खालच्या गोव्याला तो मुक्त झाल्याचं सांगितलं. सहा वर्षं जंगलात लपलेला आवाज शेवटी दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या डोक्यावरून गेला. पुढे दोघांनी लग्न केलं. लिबियाबाई मुक्त गोव्याच्या पहिल्या पर्यटन संचालक झाल्या, आणि २०२५ साली, वयाची शंभरी ओलांडल्यावर, त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

तिसरी घटना घडली तेव्हा आंबोलीहून हललेला हा रेडिओ अजून चालूच होता. साल १९६०, तारीख पुन्हा तीच. डॉमिनिकन रिपब्लिक या लॅटिन अमेरिकी देशात राफाएल त्रुहियो या हुकूमशहाची तीस वर्षांची दहशत. तिच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या पात्रिया, मिनर्वा आणि मारिया तेरेसा या मिराबल बहिणी तुरुंगातल्या नवऱ्यांना भेटून परतत होत्या. वाटेत त्यांची गाडी अडवली, त्यांना आणि त्यांच्या चालकाला मारून टाकलं, आणि अपघात वाटावा म्हणून गाडी दरीत ढकलून दिली. कुणाचाही विश्वास बसला नाही. सहा महिन्यांनी, ३० मे १९६१ ला, त्रुहियो स्वतः मारला गेला. गोव्याच्या शाळकरी मुलांना ३० मे वेगळ्या कारणानं पाठ असते: १९८७ साली त्या दिवशी गोवा घटक राज्य झालं. तारखांना खरंच देशाच्या सीमा कळत नाहीत.

पण इथून पुढे जे झालं ते नीट बघण्यासारखं आहे. मिराबल बहिणींचा दिवस कुणा सरकारनं ठरवला नाही. मागे राहिलेल्या चौथ्या बहिणीनं, देदेनं, त्यांची पोरं वाढवली आणि आठवण जिवंत ठेवली. १९८१ साली कोलंबियाच्या बोगोता शहरात लॅटिन अमेरिका आणि कॅरिबियनमधल्या स्त्री कार्यकर्त्या जमल्या आणि त्यांनी ठरवलं, की २५ नोव्हेंबर हा स्त्रियांवरच्या अत्याचाराविरुद्धचा दिवस. ना शिक्का, ना राजपत्र. अठरा वर्षं त्या तो दिवस पाळत राहिल्या, दर वर्षी थोड्या जास्त गावांत, थोड्या जास्त देशांत. आणि १९९९ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं ठराव करून तोच दिवस साऱ्या जगासाठी मान्य केला. विरजण घरातल्या बाईनं लावावं, ते रात्रभर मुकाट लागावं, आणि सकाळी सगळ्यांनी दही झालं म्हणावं, तसं हे झालं. ठराव म्हणजे सकाळ. खरं काम रात्रीत झालेलं असतं.

अमेरिकेतही असंच. तिथे लॅटिन वारशाचा सन्मान म्हणून एक महिना अधिकृतपणे पाळला जातो, आणि तो महिना सुरू होतो १५ तारखेला! १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. असा अर्धवट महिना का? कारण १५ सप्टेंबर १८२१ ला मध्य अमेरिकेतल्या पाच देशांनी स्पेनपासून स्वातंत्र्य जाहीर केलं होतं. १९६८ साली एका आठवड्यापुरतं सुरू झालेलं हे स्मरण १९८८ साली महिन्याचं झालं. कायदा करणाऱ्यांनी महिन्याची पहिली तारीख सोडली आणि लोकांच्या मनातली तारीख घेतली. शहाणी सरकारं असंच करतात.

गोव्याचा १८ जून घ्या. १९४६ साली त्या दिवशी मडगावात राममनोहर लोहियांनी बंदी मोडून सभा घेतली, धो धो पावसात. आज तो क्रांतिदिन. पण लोहिया असोळण्याला डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांच्या घरी पोचले ती तारीख होती १० जून. म्हणजे खुद्द पोर्तुगालचा राष्ट्रीय दिवस, त्यांचा महाकवी कामोंइश याच्या निधनाचा. सालाझारच्या राजवटीनं त्याला जोडून 'वंशाचा दिवस' असंही नाव दिलेलं. ज्या दिवशी राजवट आपल्या वंशाचा गौरव करत होती, त्याच दिवशी ती उलथवायची ठिणगी असोळण्यात येऊन बसली होती. आज गोव्यात १० जूनचा तो वंशगौरव कुणाच्या गावीही नाही आणि १८ जून शाळेतलं पोरही सांगतं. राजवटीनं वरून लादलेला दिवस राजवटीबरोबर गेला, लोकांनी भिजत उभं राहून केलेला राहिला.

आणि जो दिवस लोकांनी केला, पण अजून म्हणावा तितका कानावर येत नाही, असाही एक सांगतो. ६ एप्रिल १९५५. जागा म्हापसा, पेडणे आणि डिचोली दोन्हींच्या शेजारची बाजारपेठ. बंदी असताना नॅशनल काँग्रेस गोवाचं अधिवेशन भर गावात घ्यायचं ठरलं. अध्यक्ष कोण? सुधाताई जोशी. त्यांचे पती महादेवशास्त्री जोशी हे सत्तरीतल्या आंबेड्याचे, मराठीतले नामवंत लेखक, पुढे भारतीय संस्कृतिकोशाचे संपादक. सुधाताई पुण्याहून आल्या, पोलिसांच्या गराड्यात उभ्या राहिल्या आणि अध्यक्षीय भाषण वाचायला लागल्या. अध्यक्षपद स्वीकारायचं म्हणजे तुरुंग स्वीकारायचा, हे निघतानाच माहीत. अटक झाली. सुटका व्हायला १९५९ उजाडलं. त्या काळात पुण्यात शास्त्रीबुवा घरी, आणि बाई गोव्याच्या तुरुंगात! आपल्याकडच्या किती चरित्रांत हे चित्र असं उलटं सापडेल?

आता ज्या दिवसासाठी मी हे सगळं लिहितोय, तो सांगतो. त्याला ढोल नाही, ध्वजवंदन नाही, भाषण नाही. तो दिवस कायद्याच्या पुस्तकात आहे.

पेडण्यात ७ जानेवारी १९३५ रोजी एक मुलगी जन्मली. भाऊसाहेब बांदोडकरांची थोरली लेक, शशिकला. भाऊसाहेब गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. लेक आधी आमदार झाली, मग डिचोलीतून निवडून येऊन मंत्री झाली, आणि ऑगस्ट १९७३ मध्ये भाऊसाहेब गेले तेव्हा मुख्यमंत्री. वय अडतीस. भारतात तोवर मुख्यमंत्रिपदावर दोनच स्त्रिया पोचल्या होत्या, उत्तर प्रदेशात सुचेता कृपलानी आणि ओडिशात नंदिनी सत्पथी. तिसऱ्या या, शशिकला काकोडकर, पेडण्यात जन्मलेल्या आणि डिचोलीनं निवडून दिलेल्या. केवढासा हा मुलूख, आणि कुणाच्या रांगेत जाऊन बसला! महाराष्ट्राला आजवर एकही स्त्री मुख्यमंत्री मिळालेली नाही, हे शेजारी ठेवून बघा.

गोव्यात त्यांना सगळे ताई म्हणत. ताईंच्या कारकिर्दीत दोन कायदे झाले. १९७५ चा मुंडकार कायदा, आणि १९७६ ची कूळ कायद्याची पाचवी दुरुस्ती.

मुंडकार म्हणजे भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीवर घर बांधून राहणारा. घर त्याचं, माती भाटकाराची. पिढ्यान् पिढ्या त्याच अंगणात तुळस लावायची, पण भाटकाराची मर्जी फिरली तर काय, ही धास्ती कायम. कायद्यानं सांगितलं, याला घालवता येणार नाही. इतकंच नव्हे, राहतं घर आणि त्याभोवतीची जागा, पंचायत भागात ३०० चौरस मीटरपर्यंत, तो विकत घेऊ शकतो.

आणि पाचवी दुरुस्ती तर थक्क करणारी. तिनं एक दिवस नेमला: कृषक दिन. कायदा म्हणतो, या दिवशी प्रत्येक कुळानं तो कसत असलेली जमीन मालकाकडून विकत घेतली असं मानलं जाईल. मानलं जाईल! कुणी कुठे गेलं नाही, कुणी सही केली नाही. आदल्या रात्री माणूस कूळ म्हणून झोपला आणि त्या दिवशी कायद्याच्या नजरेत जमिनीचा धनी होऊन उठला. किंमत ठरवणं, ती भरणं, सनद मिळवणं हे सगळं नंतर, मामलेदाराच्या कचेरीत, कधी वर्षानुवर्षं खेटे घालून. पण हक्क त्या दिवसाचा. आजही गोव्यात कुळाचा खटला उभा राहिला की प्रश्न येतो, कृषक दिनी ही जमीन कोण कसत होतं? एका दिवसाचा, कधी न साजऱ्या झालेल्या दिवसाचा, असा दबदबा दुसऱ्या कुठल्या सरकारी दिवसाला आहे सांगा बरं!

स्मरणाचे दिवस मागे बघतात: काय घडलं, कोण गेलं. हा दिवस पुढे बघतो. अर्धं शतक उलटत आलं, तरी तो रोज काम करतोय. माझं मत विचाराल तर गोव्यातल्या स्त्रीकर्तृत्वाचा एकच दिवस निवडायचा झाला, तर तो हा असावा. तो एका बाईच्या सरकारनं आणला म्हणून, आणि भातशेतीत लावणी, खुरपणी, कापणी ही कामं वाकून करणाऱ्यांत बायका होत्या म्हणूनही.

तेव्हा पेडणे, डिचोलीकडचे असाल तर एक करा. घरातला जमिनीचा एक-चौदाचा उतारा काढा. कुळाच्या रकान्यात कुणाचं नाव आहे ते बघा. आणि घरातल्या सर्वांत वयस्क बाईला विचारा, १९७६ साली त्या शेतात तरवा कोण लावत होतं. जी नावं ती सांगेल, ती लिहून ठेवा.